एका पानावरचा जन्म आणि मृत्यू

आमच्या घरात नवं वर्ष एक ऑगस्टला लागायचं. पाडव्याला नाही, मोहरमला नाही आणि एक जानेवारीला तर नाहीच नाही. अब्बा तहसील कचेरीत शिपाई होते आणि महाराष्ट्राचं महसुली वर्ष एक ऑगस्टला सुरू होऊन एकतीस जुलैला संपतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अब्बा रात्री उशिरा घरी यायचे. अंगाला जुन्या कागदांचा, ओल धरलेल्या भिंतींचा वास असायचा. गावोगावचे तलाठी हिशेब घेऊन कचेरीत ठाण मांडून बसलेले, वसुलीचे आकडे जुळत नसलेले, बाहेर पाऊस आणि आत रुमालात बांधलेली दप्तरं खाली-वर करायला हा एकटा माणूस. एक तारखेला सकाळी धुतलेला गणवेश चढवून निघताना ते अम्माला म्हणायचे, "आजसे नया साल." आता या दिवसाला 'महसूल दिन' म्हणतात, कार्यक्रम होतात, सत्कार होतात. अब्बांच्या काळी जास्तीचा एक चहा मिळायचा.

'एक तारीख, अनेक घटना' असा विषय या भाषणासाठी मला मिळाला, तेव्हा दुसरी कुठली तारीख माझ्या मनात आलीच नाही.

सकाळी रेडिओवर दिनविशेष सांगतात, वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापतात, शाळेत फळ्यावर सुविचाराच्या खाली लिहितात. दिनविशेषाची गंमत अशी, की कुणाला कुणाचा शेजार लाभेल याचा नेम नसतो. एक ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टलेनं प्राणवायू वेगळा काढला. १७९८ साली याच दिवशी नेल्सननं नाईलच्या मुखाशी नेपोलियनचं आरमार जाळलं. १९१४ साली जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९३६ साली हिटलरच्या बर्लिनमध्ये ऑलिंपिकचा ध्वज चढला. १९१३ साली भगवानदादा जन्मले, १९३३ साली मीनाकुमारी. १९५३ साली आपल्याकडच्या विमान कंपन्या सरकारी झाल्या. आता प्राणवायूचा आणि भगवानदादांच्या नाचाचा काय संबंध? काहीही नाही. एसटीच्या एका बाकावर तिघं बसावेत आणि आपापल्या फाट्यावर उतरून जावेत, तसं हे.

पण कधीकधी त्या बाकावरची माणसं एकमेकांच्या ओळखीची निघतात. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्ततेचा कायदा एक ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. नावाला मुक्तता झाली. 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली त्यांना त्याच मालकाकडे राबावं लागत होतं. ती उमेदवारीही संपली ती १८३८ साली, पुन्हा एक ऑगस्टलाच. त्रिनिदादमध्ये १९८५ पासून या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. गुलाम सुटले, पण ऊस काही तोडायचा थांबला नाही. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडं वळली आणि करारावर अंगठे घेऊन गिरमिटिये जहाजात भरले जाऊ लागले. मॉरिशसमध्ये आज जे मराठी लोक आहेत त्यांचे पूर्वज कोकणातून असेच गेले. एकाची सुटका झाली, त्या जागी दुसऱ्याची भरती झाली. अब्बांच्या कचेरीतली भाषा वापरायची, तर हा नुसता फेरफार झाला.

तारखांच्या बाबतीत मी तसा संशयी माणूस आहे. त्याला कारण माझी स्वतःची जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर ती एक जून आहे. माझ्या वर्गात एक जूनला जन्मलेली निम्मी मुलं होती. नाव घालायला आलेल्या पोरांचं वय गुरुजी डोक्यावरून हात फिरवून कानाला लावायला लावून ठरवत आणि जूनची एक तारीख टाकून मोकळे होत. अम्माला विचारलं की ती म्हणायची, "तू सातवी का है रे. कतल के दो रोज पैले. ताबूत बैठे थे." म्हणजे मोहरमची सात तारीख. पण हिजरी वर्ष चंद्राचं. ते दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळं माझा वाढदिवस दरवर्षी मागं मागं सरकत, उन्हाळा, हिवाळा, पावसाळा अशी सगळी वारी करत तेहेतीस वर्षांनी पुन्हा मूळ ऋतूत येतो. हिंदू मित्रांकडं तिथी आणि तारखेचा असाच घोळ असतो. शिवजयंती तारखेनं की तिथीनं, यावर आपल्याकडं कितीतरी शाई आणि थोडासा घामही खर्ची पडला आहे.

शेवटी अब्बांनी कोतवाल बुकात बघितलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद ज्या वहीत होत असे तिला आमच्याकडं कोतवाल बुक म्हणत. तारीख, नाव, बापाचं नाव, जात. तपकिरी पडलेली पानं आणि बोरूनं काढावीत तशी अक्षरं. माझी नोंद १९७० च्या मार्चमधली निघाली. त्याच दिवशी आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारली होती. तिच्या आणि माझ्या नोंदीत चार ओळींचं अंतर होतं. अब्बा हसून म्हणाले, "वो गई, तू आया." मला ते तेव्हा आवडलं नव्हतं.

आता शाळेकडं येतो. सांगली जिल्ह्यातलं वारणेच्या बाजूचं गाव. एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथी. ज्या कुणाचं शिक्षण मराठी शाळेत झालं आहे त्याला बाकीचं सांगायला नकोच. टेबलावर फुलांचा हार घातलेला फोटो, उदबत्ती, खडूनं रंगवलेला फळा आणि एकामागून एक उठून शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगणारी पोरं. माझा आवाज खणखणीत होता आणि उच्चार 'शुद्ध' होते. एक शेखाचं पोर टिळकांवर इतकं छान बोलतं, याचं गुरुजींना फार अप्रूप. सातवीत माझा पहिला नंबर नक्की होता.

त्या वर्षी माझं भाषण सुरू व्हायच्या आधीच बाहेरून हलगीचा आवाज यायला लागला. मातंग वस्तीतली मिरवणूक होती. बैलगाडीवर फोटो, पुढं हलगी, पाठीमागं पोरंबाळं, बाया. मिरवणूक शाळेच्या कुंपणाशी आली आणि सभागृहात कुणाचं काही ऐकू येईना. गुरुजी वैतागले. मी वर्गाचा मॉनिटर. मला म्हणाले, जा रे, त्यांना सांग, कार्यक्रम होईस्तोवर वाजवू नका म्हणावं, आज लोकमान्यांची पुण्यतिथी आहे.

मी गेलो. हलगी वाजवणाऱ्यांत माझ्या बाकावरचा मित्र होता. त्या दिवशी तो शाळेत आला नव्हता आणि हजेरीत त्याच्या नावापुढं फुली मीच मारली होती. मी निरोप सांगितला. हलगी थांबली. कुणी भांडलं नाही. मित्र माझ्याकडं बघत म्हणाला, "आज आमच्या अण्णाचा वाढदिस हाय. तू तिकडं मरण सांगतूयास व्हय?"

मी परत गेलो, भाषण केलं, पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. ती कंपासपेटी कॉलेजपर्यंत माझ्याकडं होती.

अण्णा कोण, हे मला माहीत नव्हतं. वाटेगाव आमच्यापासून लांब नाही, पण शाळेत त्या गावाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात 'फकिरा' हातात आली तेव्हा लेखकाची जन्मतारीख वाचून मी चमकलो. एक ऑगस्ट १९२०. टिळकांच्या मृत्यूचीही तारीख हीच, आणि सालही हेच. दिवस रविवार.

तो दिवस नीट बघण्यासारखा आहे.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक आजारी होते. वय चौसष्ट. एकतीस जुलैची मध्यरात्र उलटली आणि बारा चाळीसच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. म्हणजे जेमतेम चाळीस मिनिटांनी ही तारीख त्यांच्या वाट्याला आली. इकडं गांधींनी असहकाराच्या चळवळीसाठी हीच तारीख आधीच मुक्रर केलेली होती. खिलाफतीवर झालेला अन्याय आणि पंजाबातले अत्याचार यांच्या निषेधार्थ एक ऑगस्टला हरताळ, उपास, प्रार्थना. सिंधचा दौरा आटोपून गांधी त्याच सकाळी मुंबईत उतरले. त्यांच्यासोबत तरुण जवाहरलाल होते. उतरल्यावर बातमी समजली. त्याच तारखेच्या पत्रानं गांधींनी व्हाइसरॉयला आपली पदकं परत केली : कैसर-ए-हिंद, झुलू युद्धाचं आणि बोअर युद्धाचं. त्या दिवशी मुंबईत दुकानं बंद होती. त्यांतलं कुठलं खिलाफतीसाठी बंद होतं आणि कुठलं टिळकांसाठी, हे दुकानदारालाही वेगळं सांगता आलं नसतं.

भर पावसात अंत्ययात्रा निघाली. लाखो लोक. टिळकांना पद्मासनात बसवलं होतं. नेहमीच्या स्मशानात न नेता गिरगाव चौपाटीवर, समुद्राच्या काठी, अग्नी दिला गेला. खांदा देणाऱ्यांत गांधी होते आणि शौकत अली होते. एक आठवण सांगतात. गांधी खांदा द्यायला पुढं झाले तेव्हा कुणीतरी जातीवरून हरकत घेतली. गांधी क्षणभर थबकले आणि लोकसेवकाला जात नसते, अशा अर्थाचं काही बोलून त्यांनी खांदा दिला. शौकत अलींना कुणी काय म्हणालं ते या आठवणीत नाही. धिप्पाड माणूस होते ते. कदाचित हरकत घ्यायची कुणाची छाती झाली नसेल.

हे सगळं मी तिसावं वर्ष उलटल्यावर वाचलं आणि मनाशी म्हणालो, सातवीतल्या भाषणात मला हे सांगायला हवं होतं. टिळकांचे आणि मुसलमानांचे संबंध शेंगांच्या गोष्टीइतके सोपे नाहीत. १८९३ च्या मुंबईतल्या दंग्यानंतर त्यांनी गणेशोत्सव चौकात आणला आणि तोवर ताबुतांपुढं नाचणारे पुण्यातले हिंदू तिकडून इकडं यावेत, हाही त्यामागचा एक हेतू होता. ताबूत बसलेले असताना जन्मलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट टोचते. नाही म्हणणं खोटेपणाचं होईल. आमच्या जिल्ह्यात कडेगावला आजही उंचच उंच ताबूत निघतात आणि त्यांना हिंदूंचे खांदे लागतात, म्हणून तर जास्तच टोचते.

पण माणूस एका सालात थांबत नाही. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा टिळकांच्या बाजूला हसरत मोहानी हा उर्दूचा मोठा शायर उभा होता. राजकारणात तो टिळकांना गुरू मानायचा. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते बॅरिस्टर जिना. तो जामीन नाकारला गेला. १९१६ साली पुन्हा खटला झाला तेव्हा हायकोर्टात जिनांनी बाजू मांडली आणि या वेळी टिळक सुटले. त्याच वर्षी लखनौला हिंदू-मुसलमानांचा करार झाला, त्यात मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ द्यायला टिळकांनी मान्यता दिली आणि स्वकीयांचे बोल खाल्ले. तो करार शहाणपणाचा होता का, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला स्वतंत्र मतदारसंघ ही वाट चुकीची वाटते. पण टिळकांनी तो धोका पत्करला हे खरं, आणि चार वर्षांनी शौकत अलींचा खांदा त्यांच्या तिरडीखाली आला हेही खरं.

असहकार मात्र त्यांना पुरता पटलेला नव्हता. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी काढली होती, कौन्सिलांत शिरून भांडण्याचा त्यांचा विचार होता. लोक इतका त्याग करतील का, ही शंका त्यांना होती. ते जगते तर गांधींशी त्यांचं कुठवर जमलं असतं, हा इतिहासाच्या परीक्षेत न विचारला जाणारा प्रश्न. सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला, डिसेंबरात नागपूरला त्यावर शिक्कामोर्तब झालं. पुढं टिळक स्वराज्य फंडाला एक कोट रुपये जमले. ज्या कार्यक्रमाबद्दल टिळक साशंक होते, त्याच कार्यक्रमाला त्यांच्या नावानं पैसा उभा राहिला. एका तारखेनं त्या दोघांना असं बांधून टाकलं.

आणि त्याच रविवारी सातारा जिल्ह्यातल्या, आता सांगलीत असलेल्या, वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठ्यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं तुकाराम. मुंबईत लाखांची गर्दी, इथं एक सुईण. त्या काळी या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का होता. चोरी झाली की पोलीस आधी मांगवाड्यात येत. बिटिशांनी कायद्यानंच कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या.

१९२० हे साल या बाजूनं बघितलं तर वेगळंच दिसतं. एकतीस जानेवारीला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही, असं त्यांनी पुढं नोंदवून ठेवलं आहे. मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानात माणगावला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी आंबेडकरांना लोकांच्या हवाली केलं. टिळकांनी १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत जोरदार भाषण केलं. देव जर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, इथवर ते बोलले. त्याच परिषदेत, आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा प्रतिज्ञेचा कागद फिरला, त्यावर मात्र त्यांनी सही केली नाही. अब्बा म्हणायचे, कचेरीत तोंडी गोष्टीला किंमत नसते, सही लागते.

वाटेगावचा तुकाराम दीड दिवस शाळेत गेला. मार खाल्ला आणि परत गेला नाही. पुढं आई-बापाबरोबर पायी मुंबईला आला. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षर शिकला. हमाली केली, गिरणीत काम केलं. ज्या मुंबईत तो आला, तिथल्या गिरणी कामगारांनी १९०८ साली टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध सहा दिवस संप केला होता, वर्षाला एक दिवस. गोळीबारात माणसं मेली होती. तिकडं दूर बसून लेनिननं त्या संपाची दखल घेतली होती. त्याच गिरणगावात लाल बावट्याखाली तुकारामाचा अण्णा भाऊ झाला. म्हणजे बघा, टिळकांसाठी संप करणारा कामगार आणि अण्णा भाऊंचा पोवाडा ऐकणारा कामगार बाप-लेक असू शकतात. एक ऑगस्टला त्यांना दोन वेगळ्या हारांपुढं उभं करायचं काम आपण नंतर केलं.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. इथं मला थोडं थांबायचं आहे. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर गेली तीस वर्षं मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पूर्वी मी नुसता हसायचो. आता मी अमर शेखांचं नाव सांगतो. बार्शीचे मेहबूब पटेल. कधी मोटारीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार आणि मग शाहीर. कंठ असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जावं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंचे शब्द आणि अमर शेखांचा आवाज वगळला तर सभांचं काय उरलं असतं? एक मातंग आणि एक मुसलमान, दोघं मिळून महाराष्ट्राला मराठी राज्यासाठी उठवत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं.

तारखेचा आणखी एक चटका सांगतो. एक ऑगस्ट १९४४ रोजी, अण्णा भाऊ चोविसाव्या वर्षात पाय टाकून तो पुरा करत होते, त्या दिवशी पोलंडमध्ये वॉर्सा शहर नाझींविरुद्ध उठलं. त्रेसष्ट दिवस लोक लढले. सप्टेंबरात लाल सेना विश्चुला नदीच्या पलीकडच्या काठावर पोचली, पण शहर वाचलं नाही. ती सेना का थांबली, थकली म्हणून की थांबवली म्हणून, हा वाद अजून मिटलेला नाही. स्टालिनग्राडचा पोवाडा रचणाऱ्या आमच्या शाहिराच्या वाढदिवशी हे सुरू झालं होतं. त्यांचा पोवाडा खोटा नव्हता. स्टालिनग्राड लढलंच होतं. पण कवीनं ज्या सैन्याचा गौरव केला ते सैन्य पुढच्या वळणावर काय करील, हे कवीच्या हातात नसतं. कविता लिहिताना हे मला फार भेवडावतं.

पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथा, वग, पोवाडे, छक्कड, १९६१ साली रशियाचा प्रवास, त्याच साली 'फकिरा'ला राज्य सरकारचं बक्षीस. आणि घर घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. अठरा जुलै १९६९ रोजी ते गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. एकोणतीस ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. मध्ये बेचाळीस दिवस. पुढच्या वर्षी मी जन्मलो, म्हणून या दोघांना ऐकायची संधी माझी थोडक्यात हुकली असं मी उगाचच समजतो.

२००२ साली एक ऑगस्टला टपाल खात्यानं अण्णा भाऊंचं तिकीट काढलं. माझ्या बाकावरच्या मित्राला मी त्या तिकिटाचं पाकीट पाठवलं. आत चिठ्ठी होती. सातवीतल्या त्या दिवसाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्याचं उत्तर आलं नाही. पुढं लग्नाकार्यात भेट झाली, बोलणं झालं, पण त्या चिठ्ठीचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही.

मग २०२० साल आलं. टिळकांची स्मृतिशताब्दी, अण्णा भाऊंची जन्मशताब्दी. एरवी काय थाट झाला असता! आणि चंद्राच्या हिशेबानं त्या वर्षी बकरी ईदही नेमकी एक ऑगस्टलाच आली. शंभर वर्षांच्या दोन तारखा आणि आमची फिरती ईद, तिन्ही एका शनिवारी. पण करोना होता. ईदगाह बंद, मिरवणुकांना मनाई, सभागृहांना कुलपं. मी सकाळी घरच्या घरी नमाज पढलो. अकरा वाजता मोबाईलसमोर बसून एका मंडळासाठी टिळकांवर बोललो आणि चार वाजता दुसऱ्या मंडळासाठी अण्णा भाऊंवर. दोन्हीकडं मी दुसऱ्याचाही उल्लेख केला. दोन्हीकडं थोडी चुळबूळ झाली. पडद्यावर माणसांचे चेहरे नखाएवढे दिसतात, तरी चुळबूळ कळते.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. निवृत्त होऊन तो गावी राहायला आला होता, आणि मीही टाळेबंदीत गावच्याच घरी अडकलो होतो. म्हणाला, "ह्या वक्ती हलगी थांबवाया तुला यायची गरज न्हाई. सरकारनंच थांबवलीया."

अठरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी त्याला पोचली होती तर.

मी ईदचं ताट रुमालानं झाकून निघालो. पाऊस भुरभुर होता. वस्तीत एरवी मांडव असायचा तिथं चिखल होता आणि त्याच्या दारात खुर्चीवर अण्णा भाऊंचा फोटो, झेंडूचा हार, वर छत्री धरायला नातू. तोंडाला फडकं बांधून आम्ही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. ताट मी पायरीवर ठेवलं. तो म्हणाला, गुरुजी मागच्या साली वारले, तुला कळलं का? मी म्हटलं, कळलं. मग तो आत गेला आणि हलगी घेऊन आला. म्हणाला, "एकट्यानं दारात वाजवली तर मिरवणूक हुतीया व्हय?" मी म्हटलं, एकट्याची होत नाही.

त्यानं पत्र्याखाली पाचट पेटवलं आणि हलगी शेकायला धरली. हवेत ओल इतकी होती, की कातडं लगेच सैल पडायचं. दोनदा शेकावी लागली.